तो आवाज यमुनाताईंचा नव्हता

यमुनाताईंच्या मुलाचा, नीलेशचा फोन आला तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले असतील. ड्यूटीवर येताना आमचे मोबाइल खाली जमा करावे लागतात, त्यामुळे फोन आला तो वॉर्डच्या जुन्या लँडलाइनवर. तो नंबर नीलेशला शाळेत असल्यापासून पाठ होता, कारण त्याची आई तीस वर्षं याच वॉर्डात सिस्टर होती. "ताई, आई बाथरूममध्ये पडली. तोंड वाकडं झालंय, डावा हात उचलत नाय. तुमच्याकडं आणू का? तिथं आता डॉक्टर कोण हाय?" उत्तर मला माहीत होतं. कोणी नव्हतं. दोन वाजले की आमच्याकडे आता मोठा डॉक्टर कोणीच नसतो. हे मी तत्क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगण्याआधी मी मागे वळून पाहिलं... मेट्रन मॅडमच्या केबिनचं दार उघडं आहे का, कॉरिडॉरमध्ये कोणी उभं आहे का. तिकडे एका माणसाची आई जमिनीवर पडलेली आणि इकडे मी माझ्या मागे कोण आहे ते बघतेय. दोन-तीन सेकंद गेले असतील. मग रिसीव्हरवर हात धरून मी म्हणाले, "इथे आणू नको. इथे कोणी नाही. थेट वाशीला ने, मोठ्या खासगीत." त्याने नेलं. तिसऱ्या दिवशी यमुनाताई गेल्या.

त्या दोन-तीन सेकंदांनी काही फरक पडला नसता, हे नर्स म्हणून मला कळतं. मेंदूतला रक्तस्राव मोठा होता. पण या लेखाची सुरुवात मला तिथूनच करावी लागते आहे, कारण त्या मागे वळून बघण्यातच आमच्या रुग्णालयाची सगळी गोष्ट आहे.

त्या गेल्याची बातमी आमच्याकडे कोणी मोठ्याने सांगितली नाही. चादरी ठेवायच्या खोलीत वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं आणि लगेच बादली उचलून निघून गेल्या. आमच्या ग्रुपवर कोणीतरी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मी ते पाहिलं, आणि पाहता पाहता ते पुसलंही गेलं. कोणी टाकलं, कोणी पुसलं, कोणी विचारलं नाही. आदल्या वर्षी गेटवरचे एक वॉचमन वारले तेव्हा खाली फोटो ठेवला होता, हार घातला होता, दोन मिनिटं सगळे उभे राहिले होते. यमुनाताईंसाठी काही झालं नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. मला हे लिहायला बसायला सहा आठवडे लागले, आणि त्याचं कारण सरळ आहे. मी घाबरले होते. अजूनही आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी इस्लामपूरकडून इकडे आले. नवऱ्याची नोकरी तुर्भ्याच्या एका कारखान्यात, राहायला कोपरखैरण्याला भाड्याची खोली, आणि हातात जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगचं सर्टिफिकेट. एका धर्मादाय संस्थेच्या रुग्णालयात अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर लागले. लेबर रूमला लागून नवजात बाळांचा वॉर्ड होता. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं जिथे ठेवतात तो. बाळाला उबेत ठेवायच्या काचेच्या यंत्राला नातेवाईक 'पेटी' म्हणतात. "बाळाला पेटीत ठेवलंय." पहिल्या दिवशी मी वॉर्डाचं दार शोधत होते तर आतून एक खणखणीत आवाज आला, "अगं दूध येत नाय म्हंजे काय, दोन दिवस झालंत फक्त, येनार! रडू नको, बालाला ऐकू येतं!" दार शोधायची गरज उरली नाही. आत एक ठेंगणी, काळीसावळी, पन्नाशीकडे झुकलेली बाई एका बाळंतिणीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "नवी हाय का तू? हलू बोलू नको इथं. मशिनी वाजतात. ऐकू नाय आलं तर पोर जाईल."

त्या घणसोली गावातल्या. वडील मिठागरावर कामाला, नंतर जमीन नव्या शहरासाठी गेली. गावातली नर्सिंग शिकलेली पहिली मुलगी. डॉक्टरांशी, ऑफिसात त्या छान पुस्तकी मराठी बोलायच्या. पण रागावल्या की, आणि गावाकडची बाई समोर आली की, बोली सुटायची. मला त्यांची बोलीच आवडायची, कारण ती बोलताना त्या कधी वाक्य अर्धं सोडत नसत.

एक प्रसंग सांगते. लागून महिना झाला असेल. एका बाळाची साखर तपासायची वेळ माझ्याकडून चुकली. दोन तासांनी तपासली तर खूप खाली गेलेली. बाळाला लगेच सलाइनमधून ग्लुकोज दिलं, ते सावरलं, पण कागदावर मी आधीची वेळ टाकणार होते. पेन हातात होतं. यमुनाताईंनी मागून पाहिलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरांना जाऊन सांग." मी म्हणाले, "ताई, काढून टाकतील मला." त्या म्हणाल्या, "मी मागं उभी हाय. चल." आणि खरंच, मी डॉक्टरांसमोर रडत सांगत होते तेव्हा त्या माझ्या मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. डॉक्टर रागावले, मग त्या बाळाचे पुढचे चोवीस तास कसे बघायचे ते त्यांनी बदललं. बाळ बरं होऊन घरी गेलं. तेव्हापासून वॉर्डात कुठेही काही झालं की ते बोललं जायचं. आईला, बापाला, आजीला खरं सांगितलं जायचं. "आजचा आणि उद्याचा दिवस कठीण आहे, मी खोटं सांगणार नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. लोक रडायचे, पण आमच्यावर कधी धावून आले नाहीत.

मग संस्थेचं व्यवस्थापन बदललं. कुठलीही गोष्ट एका दिवसात बंद झाली नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की काहीतरी मोठं घडलं असेल. काहीच घडलं नाही. आधी दोन कंत्राटी मुलींच्या ऑर्डरी वाढवल्या नाहीत. "नवीन येतील" म्हणाले. आल्या नाहीत. मग बाळांचे डॉक्टर दिवसभर असायचे ते दुपारी दोनपर्यंत राहू लागले. मग एक पेटी बिघडली, ती भिंतीशी सरकवली. दुसरी बिघडली. तिसरी तर बिघडलीही नव्हती. एका सकाळी आम्ही आलो तर अर्ध्या पेट्यांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या होत्या आणि दारावर 'दुरुस्तीचे काम सुरू' असा कागद. दुरुस्तीला कोणी आलं नाही. त्याच सुमारास पाचव्या मजल्यावर नवा खास कक्ष सुरू झाला. तिथे सोफे आले, पडदे आले. आमच्याकडच्या दोन पेट्या वर गेल्या त्याही दुपारच्या जेवणाच्या वेळी, आम्ही जेवायला गेलेल्या असताना.

लेखी काही मिळालं नाही. तोंडी मिळालं. नातेवाइकांनी विचारलं तर "पेट्या भरल्यात" एवढंच सांगायचं. बंद आहेत म्हणायचं नाही, डॉक्टर नाहीत म्हणायचं नाही, दुसरीकडे जा असंही म्हणायचं नाही, कारण त्यातून गैरसमज पसरतो. त्यानंतर मात्र एक कागद आला. रुग्णालयाच्या अंतर्गत बाबींविषयी कोणाशीही बोलल्यास कारवाई होईल, असा. त्यावर सगळ्यांनी सही करायची होती. नर्सेसच्या खोलीत यमुनाताईंनी तो कागद घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग मेट्रन मॅडमना विचारलं, "पेशंटला खरं सांगणं हे अंतर्गत बाबींत येतं का?" मेट्रन मॅडम वाईट बाई नाहीत. त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "यमुनाताई, सही करा. मला बाकी काही विचारू नका."

त्यांनी सही केली. मीही केली. सगळ्यांनी केली. हे लपवायचं नाही. यमुनाताई गेल्यावर त्यांना देव्हाऱ्यात बसवायची मला घाई नाही. त्या स्वतःच चिडल्या असत्या. पुढचं जवळजवळ वर्षभर त्या स्वतः दारात उभ्या राहून "भरल्यात, बाई" असं सांगत होत्या. पण त्यांचा आवाज बदलला. आमचा सगळ्यांचाच बदलला. पाळी बदलतानाचा हँडओव्हर आम्ही बाळाजवळ उभं राहून मोठ्याने द्यायचो, तो कोपऱ्यात जाऊन कुजबुजत द्यायला लागलो. चहा पिताना कोणी आलं की विषय बदलायचा. जिन्याजवळ एक तक्रारपेटी बसवली, तिच्या बरोबर वर कॅमेरा बसवला. त्या पेटीत मी कधी एकही चिठ्ठी पडलेली पाहिली नाही. कोणीतरी वर जाऊन सांगतं, असं सगळ्यांना वाटायचं. कोण, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाकडे तसंच बघायला लागला. ज्या वॉर्डात मशिनींच्या वर आवाज चढवून बोलायचं शिकले होते, तिथे आता मशिनीच तेवढ्या ऐकू यायच्या. त्याही कमी कमी होत चाललेल्या.

आता त्या दुपारची गोष्ट. मी ती आजवर कोणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही अर्धीच सांगितली होती.

बाराच्या सुमारास एक मुलगी आली. तिचं नाव लिहीत नाही, तिच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. तुर्भ्याच्या वस्तीतली, बाविशीची, सातवा महिना संपत आलेला आणि कळा सुरू झालेल्या. बरोबर सासू आणि नवरा. खालच्या मजल्यावर त्यांना सांगितलं, पेट्या भरल्यात, एखादी रिकामी झाली तर बघू, वर जाऊन बसा. ती माणसं वर येऊन आमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली. सासू दर थोड्या वेळाने आत डोकावून विचारायची, "झाली का ओ सिस्टर रिकामी?" मी म्हणायचे, "अजून नाही." एक वाजला. दोन वाजले. डॉक्टर गेले. मुलगी बाकावर आडवी झाली होती, ओठ दाताखाली धरून. सासू पुन्हा आली, "संध्याकाळपर्यंत होईल ना?" आतमध्ये, माझ्यापासून दहा पावलांवर, चादरी टाकलेल्या पेट्या होत्या.

तीन वाजता मी बाहेर गेले. कॉरिडॉर मोकळा होता. मी त्या नवऱ्याच्या जवळ वाकले आणि कुजबुजले, "थांबू नका इथे. काही रिकामं होणार नाही. पेट्या भरलेल्या नाहीत, बंद ठेवल्यात. दोननंतर बाळाचा डॉक्टर नसतो इथे. ठाण्याला घेऊन जा. आत्ता." तो उठला. रिक्षात घालून ते निघाले. बाळ रस्त्यातच झालं, ऐरोलीच्या पुलाच्या अलीकडे. राहिलं नाही.

त्या नवऱ्याच्या हातात मोबाइल होता. आल्यापासून प्रत्येक जण काहीतरी वेगळं सांगत होता म्हणून त्याने ते सगळं रेकॉर्ड करायला सुरुवात केली होती, हे नंतर कळलं. माझं बोलणं सोळा सेकंदांचं होतं. दोन दिवसांत ते वस्तीच्या ग्रुपवरून सगळीकडे फिरलं. माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही आलं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, "कोण आहे ही बाई, हिला सलाम." मी फोन उशीखाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्या दुपारच्या पाळीतल्या आम्हा सगळ्या सिस्टर्सना पाचव्या मजल्यावर बोलावलं. नव्या खोलीत, नव्या खुर्च्यांवर बसवलं. व्यवस्थापनाचे एक साहेब होते, मेट्रन मॅडम होत्या. साहेबांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि माझा आवाज लावला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. "ओळखा," ते म्हणाले, "घाई नाही." आवाज कुजबुजीचा होता, मागे आतल्या बाळांचं रडणं, दुरून स्ट्रेचरची चाकं, कोणाचा म्हणून सांगणं कठीण. पण आम्ही रोज एकमेकींशी कुजबुजत होतो. तिथल्या प्रत्येकीला तो ओळखू आला असणार. कोणी मान वर केली नाही. माझी ऑर्डर संपायला अठरा दिवस होते. नवऱ्याचा कारखाना तेव्हा बंद पडलेला, मुलगी नववीत. हे मी त्या वेळी मोजत नव्हते, पण अंगाला माहीत होतं. साहेब चौथ्यांदा मोबाइलला हात लावणार तेवढ्यात यमुनाताई म्हणाल्या,

"बंद करा. माझा हाय तो आवाज."

साहेबांनी वर पाहिलं. "तुमचा?"

"माझा. लिहून देते."

मेट्रन मॅडमनी डोळे मिटून घेतले. साहेबांनाही कळलं असावं, असं मला आजही वाटतं; पण त्यांना एक सही हवी होती आणि ती मिळत होती. यमुनाताईंनी तिथेच बसून, सावकाश, सुंदर अक्षरात लिहून दिलं. मी तोंड उघडलं नाही. माझ्या वेळी त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या, आणि मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बाहेर जिन्यावर मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला. "मला काढायला त्यांना वरीस लागंल. तुला काढायला एक दुपार. जा, ड्यूटीवर जा."

निवृत्तीला सात महिने राहिले असताना त्यांची बदली संस्थेच्या पनवेलपलीकडच्या एका केंद्रात झाली. तिथे पेशंट नव्हते, सामानाची खोली होती. तीस वर्षं बाळं हाताळलेली बाई तिथे चादरी आणि गाऊन मांडून ठेवायची. चौकशी चालू आहे म्हणून निरोप समारंभ झाला नाही. आम्हा बाकीच्यांचे मोबाइल तेव्हापासून खाली जमा होऊ लागले. माझी ऑर्डर मात्र वेळेवर वाढली. देताना मेट्रन मॅडम म्हणाल्या, "तुझं रेकॉर्ड स्वच्छ आहे, मनीषा." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही, किंवा कळलं.

दीड वर्ष मी यमुनाताईंना भेटायला गेले नाही. फोन करायचे, त्या दोन वाक्यं बोलून ठेवायच्या. शेवटी त्या जाण्याआधी चार महिने, एका सुट्टीच्या दिवशी घणसोली गावात गेले. जुन्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे, पहिल्या मजल्यावर त्या, नीलेश आणि सून सपना. बऱ्याच वाळल्या होत्या. मला बघून आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही. चहा झाला. मग मी जे पाठ करून गेले होते ते बोलून टाकलं. म्हणाले, "ताई, मी सांगून टाकते. तो आवाज माझा होता असं लिहून देते. मला झोप लागत नाही."

त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "आता सांगून काय होईल? मी खोटं लिहून दिलं असं होईल. चौकशी संपली नाय अजून. मी हाय तवर नको."

"तुमचं एवढं नुकसान माझ्यामुळे..."

"तुझ्यामुले?" त्यांचा आवाज एकदम चढला. सपना आतून बाहेर आली. "तुला वाटतं मी तुझ्यासाठी लिहून दिलं? मी त्या दिवशी दोनदा त्या बाकावरून गेले, मनीषे. लेबर रूमला जाताना एकदा, येताना एकदा. त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं. मला दिसत व्हतं किती कला चालल्यात. तीस वर्सं हेच बघितलंय मी. आनि मी काय केलं? मान खाली घालून गेले. तू तीन तासांनी तरी बोललीस. मी बोललेच नाय." त्या थांबल्या. श्वास लागला होता त्यांना. "तो आवाज माझा असाया पायजे व्हता. म्हनून माझा म्हनाले."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. त्यांचा तो स्वभावच नव्हता. म्हणाल्या, "बोललीस त्याचं वाईट नको वाटून घेऊस. तीन तास गप बसलीस त्याचं घे. मीबी घेते." निघताना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. दारात म्हणाल्या, "मी गेल्यावर तुझं तू बघ. मी सांगनार नाय, बोल म्हनून. नको बोलू म्हनून पन नाय."

नीलेशचा तो फोन आला तेव्हा मी रिसीव्हर धरून मागे वळून पाहिलं, ते या भेटीनंतर चार महिन्यांनी. म्हणजे भीती किती आत गेलेली असते ते बघा.

गावच्या स्मशानात आमच्या रुग्णालयातल्या बऱ्याच जणी आल्या होत्या. पण एकत्र नाहीत. दोघी-दोघी, वेगवेगळ्या रिक्षांनी, साध्या कपड्यांत, मागे उभ्या. मेट्रन मॅडमही आल्या होत्या, अगदी शेवटी, गेटजवळ. गावातला एक मुलगा मोबाइल वर करून फोटो घेत होता तर आमच्यातल्या एकीने हात पुढे केला, "फोटो नको रे दादा, प्लीज." तो गोंधळला. त्याला वाटलं, दुःखाने म्हणतेय. अग्नी दिल्यावर आम्ही एकमेकींशी न बोलता पांगलो.

दुसऱ्या आठवड्यात मी लिहून दिलं. व्यवस्थापनाच्या नावे, एका पानावर. त्या रेकॉर्डिंगमधला आवाज माझा आहे, यमुनाताईंचा नाही, आणि त्यात मी जे बोलले ते खरं होतं व आजही खरं आहे. पोच घेतली. तासाभरात मेट्रन मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "काय केलंस गं हे..." त्याला आता चार आठवडे झाले. वरून काहीच आलेलं नाही. मेमो नाही, बोलावणं नाही. पण माझ्या ड्यूट्या बदलल्यात, मला वॉर्डात एकटीला ठेवत नाहीत, मी चहाच्या खोलीत गेले की दोघी उठतात. बाळांच्या वॉर्डात आता तीनच पेट्या चालू आहेत. परवा दोन माणसं टेप घेऊन आली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घेऊन गेली. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, आम्हाला फक्त माप घ्यायला सांगितलंय. माझी ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते.

यमुनाताईंच्या बाराव्याला गेले होते, तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. जेवणं झाल्यावर सपनाने मला त्यांच्या खोलीत नेलं. छोटी खोली. लोखंडी खाट, खिडकीशी प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीखाली वर्तमानपत्रांचा गठ्ठा. सपना म्हणाली, निवृत्त झाल्यापासून आई रोज दुपारी या खुर्चीत बसून पेपर वाचायच्या. मनात नाही, मोठ्याने. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, भाव, हवामान, निधनवार्ता, सगळं. ऐकायला खोलीत कोणी नसायचं. खालच्या दुकानापर्यंत आवाज जायचा, लोक हसायचे. तिला आधी वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी असेल. एकदा विचारलं, "आई, एवढ्या मोठ्यानं कशाला वाचता?" तर म्हणाल्या, "आवाज बसलाय गं माझा. मोकला करते."

मी त्या खुर्चीत बसले नाही. उभीच राहिले. खिडकीतून खालचं दुकान दिसत होतं, आणि दुकानदार वर बघत होता, सवयीने.

मी सपनाला सांगितलं की मी यमुनाताईंवर काहीतरी लिहिणार आहे, छापतील की नाही माहीत नाही, आणि छापलं तर त्यात माझं नाव असेल. मग तिने खुर्चीवरची धूळ पदराने पुसली.

"छापून आलं की आणून द्या ताई," ती म्हणाली. "मी वाचीन. इथंच बसून."

"मोठ्याने?"

"मग? या खोलीत तसंच वाचतात."